स्वल्पविराम की माशी

२ मार्च, रविवार, सकाळी ५:४०
संकल्प. आजपासून धर्म, ग्रंथ, श्रद्धा या विषयांवर एक शब्द नाही. पंथ सोडून अकरा वर्षं झाली. मी मोकळा माणूस आहे. मोकळ्या माणसाला आपण मोकळे आहोत हे रोज चहाबरोबर बायकोला सांगावं लागत नाही. (वाक्य बायकोचं. मुद्दा मला आधीच सुचलेला होता.)
पाचला उठलो. श्रद्धेने नाही, सवयीने. अंडं उकडायला ठेवलं आणि ग्रंथाचा दुसरा अध्याय म्हटला. तोही श्रद्धेने नाही. दुसऱ्या अध्यायाला बरोबर अंड्याएवढाच वेळ लागतो. बायको म्हणाली, मोबाइलमध्ये टायमर असतो. मी म्हटलं, टायमर बिघडू शकतो.
अंडं दगड झालं. एका ओळीत ऱ्हस्वाचं दीर्घ झालं म्हणून अध्याय पहिल्यापासून घ्यावा लागला.

४ मार्च
ताईचा फोन. बाबांना नीट दिसत नाही. परवा बरणी समजून कंदिलाच्या काचेवर झाकण लावत होते. चष्मा म्हटलं की म्हणतात, अख्खा ग्रंथ तोंडपाठ आहे, वाचायचं काय राहिलंय? सख्खा मुलगा चष्म्याच्या दुकानात काचा बसवतो आणि बाप चाचपडतो, लोक काय म्हणतील, असं ताई म्हणाली. मी म्हटलं, लोकांचा विचार करणं मी अकरा वर्षांपूर्वीच सोडलं.
तिने माझी लहानपणची ग्रंथाची प्रत पाठवली आहे. कपाट आवरताना सापडली म्हणे. मी फक्त बांधणी कशी आहे ते पाहिलं.
मग पान एकशे बारा पाहिलं.

४ मार्च, पुन्हा
कालानुक्रमे लिहून ठेवतो, म्हणजे विषय कायमचा संपेल. मी पंथ तत्त्वासाठी सोडला. बायकोचं म्हणणं, तिच्यासाठी सोडला. ती पंथाबाहेरची. लग्न आणि पंथ सोडणं एकाच आठवड्यात घडलं, हा योगायोग. त्या रविवारी बाबा पंथाच्या भर सभेत उभे राहिले आणि त्यांनी पान एकशे बारावरची ओळ म्हटली: गेला तो आपला नाही, परका. म्हटली आणि बसले.
तेव्हापासून ते मला अहो म्हणतात. पंथात धाकट्याला अरे म्हणायचं आणि बाहेरच्याला अहो, मग तो पाळण्यातला का असेना. मी याचं वाईट वाटून घेतलेलं नाही. उलट एवढा मान मला दुकानात कोणी देत नाही.
तर मुद्दा असा. ग्रंथात विरामचिन्हं नाहीत. कुठे थांबायचं ते कानाने शिकायचं. पण माझ्या प्रतीत ‘आपला’च्या पुढे एक बारीक खूण आहे. स्वल्पविराम! म्हणजे ओळ अशी: गेला तो आपला, नाही परका.
अख्खा पंथ शतकानुशतकं भलत्या ठिकाणी थांबतोय. मला वैयक्तिक काही नाही. केवळ भाषेचा प्रश्न म्हणून छातीत धडधडतंय.

५ मार्च, दुकान
काचेवरचे ओरखडे पाहायच्या भिंगाखाली पान धरलं. खूण गोल असून खाली शेपूट. शंभर टक्के स्वल्पविराम. मालकीण मॅडम म्हणाल्या, गिऱ्हाईक कधीचं उभं आहे. गडबडीत त्याची उजवी काच डावीकडे बसली. त्याला जमीन उताराची दिसू लागली. मी सांगितलं, तीन दिवसांत सवय होते. मॅडमनी माझ्याकडे बघून चष्मा परत घेतला.

८ मार्च, शनिवार
मुक्त विचार मंडळाची बैठक. आम्ही सात सभासद, पैकी पाच आमच्याच पंथातून बाहेर पडलेले. हजेरी झाली. मागच्या बैठकीचं इतिवृत्त उभं राहून ऐकलं. उशिरा आलेले दाराशी थांबले. किती मोकळं वाटतं इथे!
सेक्रेटरींनी ‘ग्रंथातील विसंगती’ हा निबंध वाचला. चौथ्या ओळीला ते अवतरण चुकले आणि माझं बोट आपोआप वर गेलं. पंथात लहानपणापासून तेच अंगात मुरवतात. म्हणणारा चुकला की ऐकणाऱ्याने तिथल्या तिथे बोट वर करून ‘चूक’ म्हणायचं आणि योग्य काय ते सांगायचं. म्हणणारा कितीही मोठा असो, त्याने ‘बरोबर’ म्हणून ओळ पुन्हा म्हणायची. पाहतो तर माझ्यासकट चार बोटं वर. सेक्रेटरी ‘बरोबर’ म्हणाले आणि ओळ पुन्हा म्हणून दाखवली. नंतर आम्ही ठराव केला की जुन्या सवयींचा आपल्यावर कोणताही पगडा राहिलेला नाही. एकमताने मंजूर.
स्वल्पविराम मांडला. पाच विरुद्ध दोन मतांनी तो स्वल्पविरामच ठरला. सेक्रेटरी म्हणाले, माशीने घाण केली असेल. याला म्हणतात पूर्वग्रह.

९ मार्च, रविवार
ठरलं. बाबांशी समोरासमोर वाद. शेवटचा. चौदा मुद्दे काढले. सृष्टीची उत्पत्ती, पापपुण्य, ग्रंथाच्या कर्त्याचे परस्परविरोधी दोन जन्म वगैरे. चौदावा मुद्दा स्वल्पविरामाचा. तो जाता जाता, ओघात आला तर.
बायको इस्त्री करत होती. कागद वाचून म्हणाली, पहिले तेरा नुसता पेंढा आहे, काच फुटू नये म्हणून खोक्यात भरतात तसा. वर म्हणाली, सरळ जा आणि सांग ना, बाबा, मला अहो म्हणू नका. मी तिला समजावलं की ही भावनिक मांडणी झाली, वादात टिकत नाही. ती म्हणाली, शर्ट काढ, त्यालाही इस्त्री करते.

१६ मार्च, रविवार, दुपारी
जाऊन आलो. घरी बाहेरच्यांची खुर्ची दाराजवळ असते, तिथे बसलो. बाबा म्हणाले, या, बसा, प्रवासाचा त्रास नाही ना झाला? मी चार स्टॉप पलीकडे राहतो.
मुद्दा एक मांडला. बाबांनी ओळींमागून ओळी म्हणत उत्तर दिलं. मध्ये त्यांना दम लागला तेव्हा पुढची अर्धी ओळ मी दिली. विरोधकाला त्याचा मुद्दा पूर्ण करू द्यावा, ही वादाची सभ्यता आहे. तिसऱ्या मुद्द्याला आम्ही अर्धी-अर्धी ओळ म्हणत होतो. सहाव्याला दोघं एका सुरात. आई चहा घेऊन आली आणि ट्रे तसाच धरून उभी राहिली. चहा निवला. डोळ्यांत काही गेलं असावं तिच्या.
सातवा ते तेरावा राहून गेले. निघताना चौदावा काढला. बाबांनी पुस्तक लांब धरलं, जवळ धरलं, खिडकीशी नेलं. म्हणाले, कुठे आहे खूण? मला काही दिसत नाही.
अकरा वर्षांची तयारी, आणि प्रतिपक्षाला नंबर लागलेला! मी म्हटलं, दुकानात या. बाबा म्हणाले, तुमच्या दुकानात? बरं, येतो.

२० मार्च
तपासणीची खोली दोनदा पुसली. मॅडमनी विचारलं, कोण येणार आहे? मी म्हटलं, एक ज्येष्ठ गिऱ्हाईक. मॅडम म्हणाल्या, तुमच्यासारखंच नाक असलेलं का?

२२ मार्च, शनिवार
बाबा आले, ताईबरोबर. आधीच्या बाईंची तपासणी चालू होती म्हणून दाराबाहेर बसवलं. मग खुर्चीत घेऊन म्हटलं, तक्ता वाचा. त्यांनी वरपासून खालपर्यंत सगळी अक्षरं घडाघडा म्हटली, शेवटची बारीक ओळसुद्धा. मी चाटच पडलो. मग लक्षात आलं, त्या बाईंनी जिथे ‘घ’ला ‘ध’ म्हटलं होतं, तिथे बाबाही ‘ध’ म्हणाले. दाराबाहेर बसून तक्ता पाठ केला होता! ताई हसून हसून भिंतीला टेकली. बाबा म्हणाले, पाठ करायचा नव्हता तर मोठ्याने का वाचून घेता?
तक्ता पालटून मागची बाजू लावली. नंबर बराच निघाला. तपासणीची फ्रेम डोळ्यांवर चढवली आणि काचा बसवल्या, तर बाबा तक्त्याऐवजी माझ्याकडे बघत बसले. बराच वेळ. म्हणाले, केस पिकले की हो तुमचे.
मी म्हटलं, वरच्या ओळीपासून वाचा.
मग पान एकशे बारा. भिंगाखाली. बाबांनी वाकून पाहिलं, मान तिरकी करून पाहिलं. म्हणाले, माशी आहे ही. आणि नखाने खरवडली. स्वल्पविराम निघून आला आणि त्यांनी तो फुंकून टाकला.
मी म्हटलं, ठीक, तसाही तो केवळ भाषेचा प्रश्न होता. बाबांनी तपासणीची फ्रेम उतरवली आणि मला विचारलं, एवढं भिंगाखाली धरून पाहिलंत तुम्ही, ते स्वल्पविराम निघावा म्हणून? मी तक्ता पुन्हा पालटायला गेलो. वादात कधी गप्प बसावं तेही कळलं पाहिजे.
मला काहीही वाटलं नाही. दुपारनंतर तीन काचा फुटल्या, पण त्या काचाच खराब होत्या.

२३ मार्च, रविवार
संकल्प. विषय बंद. यावेळी खरोखर. अंडं टायमर लावून उकडलं. कच्चं राहिलं.

२७ मार्च
बाबांचा चष्मा तयार. ताई म्हणाली, रविवारी सभेतच आणून दे, बाबांनी तसं सांगितलंय, बाहेरच्यांना मागे बसता येतं. अकरा वर्षांत मी सभेची पायरी चढलेलो नाही. केवळ चष्मा पोहोचवायचा म्हणून जाणार आहे. फ्रेम नाकावर नीट बसते का ते कारागिराने स्वतःच पाहावं लागतं. बायको म्हणाली, मुद्द्यांचा कागद घरी ठेव. ठेवला. एकच पान घेतलं, तेही पाठपोट.

३० मार्च, रविवार, संध्याकाळी
जे झालं ते लिहितो.
सभेत पन्नासएक माणसं. मी शेवटच्या बाकावर. बाबांनी चष्मा लावला. कानामागे किंचित सैल होता, पण ठीक. आज पाठ नवव्या अध्यायाचा होता, तो त्यांनी पुरा केला. मग कोणी न सांगता पान एकशे बारा उघडलं. मला वाटलं, झालं, आता पुन्हा तेच, भर सभेत. कान तापले.
बाबा म्हणाले, गेला तो आपला. आणि थांबले.
चांगले थांबले. श्वास घेऊन. मग म्हणाले, नाही परका.
खोलीत कोणी हललं नाही. अर्ध्या मात्रेसाठी बोट वर करणारी ही माणसं. आमच्या शाळेच्या बाई पहिल्या बाकावर होत्या, ज्यांनी एका उच्चारासाठी मला तासभर उभं केलं होतं, त्याही मांडीवर हात ठेवून गप्प. बाबा चष्म्यातून थेट मागे, माझ्याकडे बघत होते.
आणि एक बोट वर होतं. माझं.
माझाच आवाज ऐकू आला मला. चूक. ‘नाही’नंतर थांबा.
देवाशप्पथ सांगतो, मी विचार केला नव्हता. विचार करायला वेळच मिळाला नाही. कोणी चुकलं की हात जातो. हाताला काय कळतंय!
बाबांनी चष्मा नाकावर वर सरकवला. नियम तो नियम. म्हणाले, बरोबर आहे तुमचं. आणि ओळ पुन्हा म्हटली, शिकवतात तशी. गेला तो आपला नाही, परका. पुस्तक मिटलं.
जिन्यात ताईने मला भिंतीशी गाठलं. म्हणाली, गाढवा, आठवडाभर स्वयंपाकघरात उभे राहून घोकत होते ते. साठ वर्षांची जीभ, तिथे थांबायला तयारच होईना. काल संध्याकाळी घरोघर जाऊन प्रत्येकाला सांगून आले, की उद्या मी एक चूक करणार आहे, मुद्दाम करणार आहे, कृपा करून कोणी बोट वर करू नका. कधी कुणापुढे हात न जोडणारा माणूस! सगळ्यांनी ऐकलं. मी म्हटलं, मला कुठे कोणी सांगितलं होतं? ताई म्हणाली, तुला सांगायचं कसं रे, तुझ्यासाठीच तर होतं ते. आणि रडायला लागली.
घरी आल्यावर बायकोने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, चष्मा व्यवस्थित बसला.
मला फार वाईट वाटतंय. हे इथे लिहायला हरकत नाही, इथे कोणी वाचत नाही.
संध्याकाळपासून ती ओळ डोक्यातून जात नाहीये. बाबांनी आज पहिल्यांदा म्हटली तशीच येते आहे. चुकीची.