थेंबोबाचा मान

११ फेब्रु.
टँकर नाही. ओळ सकाळपासून लागलेली. जनावरं छावणीला गेली, गावातलं दूध आटलं, म्हणून आमच्या दूध सोसायटीचा टँकर आता नांदूरघाटहून पाणी आणतो. पाण्याला दुधाचा वास येतो. सोसायटीत लिहिण्याचं काम माझं, पण लिहायला आहे काय? मीही घागर घेऊन ओळीत. आमची बौद्धवस्ती कायम शेवटी. आमच्यापर्यंत येईतो टँकर खडखडीत.

सुमन वरच्या आळीची, चौथीपर्यंत माझ्या बाकावर. आपला नंबर सोडून माझ्याजवळ येऊन बसली. नळयोजनेची कोरडी तोटी आहे ना चौकात, तिला कुंकू लावलं. ‘ह्यो आपला थेंबोबा.’ मग सण मी काढले. टँकर आला की थेंबषष्ठी. नाही आला की ओळ-एकादशी, निर्जळी आपोआपच. भेटलं की म्हणायचं, ‘आला का?’ समोरच्याने म्हणायचं, ‘येतोय.’ लई हसलो. किती महिन्यांनी.

१५ फेब्रु.
आज थेंबषष्ठी! मी तोंड गंभीर करून थेंबोबाचा हुकूम सांगितला: मानाची घागर. काल जो शेवटी, तो आज पहिला. वरच्या आळीच्या बाया हसत हसत बाजूला झाल्या. वस्तीच्या घागरी भरल्या, काठोकाठ. हेच मी सरळ मागितलं असतं तर माझं कुणी ऐकलं असतं का?
माझ्या वडिलांनी, आबांनी, आठ दिवसांनी अंघोळ केली.

१६ फेब्रु.
आबांना कळलं. छप्पन साली यांनीच घरातले देव टोपल्यात भरून नदीत सोडलेले, तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. म्हणाले, ‘देव काढू नको, पोरी. हसायला बी नको. आज तुजा हाय, उद्या त्यो दुसऱ्या कुनाचा तरी व्हतो.’
म्हटलं, आबा, तोटी आहे ती. गंमत आहे.


२ मार्च
घागरबारस. सगळ्यांनी रिकाम्या घागरी वाजवल्या. सोसायटीचे चेअरमन गाडीतून उतरले, हसले, नारळ फोडला, फोटो काढून घेतला. ‘मान कुनाचा?’
सुमन म्हणाली, ‘कालच्या शेवटच्याचा.’
‘बरं हाय की.’
सगळे टाळ्या वाजवत होते. मीपण.

९ मार्च
तोटीभोवती कट्टा. पांढऱ्या फरश्या, सोसायटीच्या नावाची पाटी. भोंगा. सुमन पूजेला, अंगावर हिरवी साडी, नवी.
मी चिडवलं, पुजारीणबाई झालीस की!
‘का न्हाई म्हनू? रोज दोन घागरी आदी मिळत्यात. तुला काय जातंय बोलायला?’
खरंय. घरी पाच माणसं आहेत तिच्या. पण मला लागलं.

१४ मार्च
चेअरमननी हापिसात बोलावलं. ‘ताई, ठराव लिवा. मानाची घागर कायम संस्थेच्या अध्यक्षाच्या घरची. आन् वस्तीच्या घागरी कट्ट्याच्या खाली, कडंला. देवाचं ठिकान हाय, समजून घ्या.’
मी म्हटलं, ‘साहेब, देव मी काढलाय.’
‘लई चांगला काढला,’ म्हणाले. मनापासून म्हणाले. चेष्टासुद्धा नव्हती त्यात.

१५ मार्च
वस्तीला अर्धी अर्धी घागर. मी कट्ट्यावर टेकवली, तर मागून कुणी बाई ओरडली, शिवू नका. कोण ते मी पाहिलं नाही. किंवा पाहायचं नव्हतं मला, कारण आवाज ओळखीचा होता.
तरी सुमनकडे गेले. तू बोल, तुझं ऐकतील. तूच कुंकू लावलंस ना त्या तोटीला?
‘देवाच्या जागी कसं बोलू गं?’
हसेल म्हणून थांबले. नाही हसली.

१७ मार्च
संताप होतोय. तिचा नाही, चेअरमनचा तर मुळीच नाही. माझा. आजोबांनी, आबांनी जन्मभर जे घराबाहेर ठेवलं ते मी हौसेने घेऊन आले, वर सण लावून दिले. शिवाशिवीसुद्धा माझ्याच हाताने मांडून दिली.

१८ मार्च, दुपार
उद्या सभा. ठराव माझ्या अक्षरात हवाय. विषय लिहिला, खाली पान कोरं. नोकरी आहे, आबांचं औषध आहे. नाही लिहिलं तर दुसरं कुणी लिहील. लिहिलं तर
आबांनी बाजेवरून विचारलं, ‘आला का?’
दचकले. आमचा हा नमस्कार त्यांनी कधी तोंडात घेतला नव्हता. मग कळलं, ते खरंच टँकरचं विचारत होते. घसा कोरडा पडलेला.
‘येतोय’ जिभेवर आलं होतं. गिळलं.
‘न्हाई आला, आबा,’ म्हटलं.
विषय लिहून सोसायटीच्या पेनला टोपण लावलं, ते अजून काढलेलं नाही.