तारप्यासाठी राखीव दुधी

१५ जून, सकाळ.
रिटायर झालो. तारापूरच्या कारखान्यात शिफ्ट करून हाडं थकली, मन ताजं आहे. तीन छंद ठरवले: बागकाम, निसर्गनिरीक्षण आणि तारपा, म्हणजे आदिवासींचं वाळक्या दुधीचं फुंकवाद्य. तिन्ही एकाच वेलीवर बसवलेत. दुधी लावायचा, त्यावरचे पक्षी-किडे टिपायचे, दुधी वाळला की त्याचाच तारपा. याला प्लॅनिंग म्हणतात. सोसायटीच्या ग्रुपवर जाहीरही केलं: २६ जानेवारीला घरच्या दुधीच्या तारप्याचं वादन. सेक्रेटरी अर्चनाताईंनी लगेच अंगठा दिला.

२० जून.
बिया पेरायच्या होत्या. कंबर धरली. बायकोने, म्हणजे वर्षाराणीने, पेरल्या. जागा मात्र मी दाखवली. तिला त्यातलं फारसं कळत नाही.

१२ जुलै.
कारखान्यातला जुना जोडीदार नवशा उमरोळीहून आला. त्याचे मामा तारपे बनवतात. म्हणाला, "दुधी वेलावरच वाळू दे. हिरवा चालत नाय." सरावाला एक जुना, छोटा तारपा देऊन गेला. फुंकला. आवाज नाही, चक्कर आली. नवशा म्हणे, नाकाने श्वास घ्यायचा आणि तोंडाची फुंक तुटू द्यायची नाही. दोन्ही एकदम? बॉयलरवर आम्ही एका वेळी एकच काम करायचो.

१३ जुलै.
नवशा असंही म्हणाला होता की शेतातलं भात तयार झाल्याशिवाय त्यांच्याकडे तारपा वाजवत नाहीत. "तुमी शिकायला वाजवा, चालेल," म्हणाला. पण परंपरेत सवलत घेणारा मी नव्हे. तारपा कपाटावर ठेवला. हलकं वाटलं.

९ ऑगस्ट.
निरीक्षण: फुलं येतात, पण उमलत नाहीत. रोज सकाळी चहा घेऊन बघतो, सगळी कोमेजलेली. हवेचाच दोष. लेख लिहीन. संध्याकाळी निरीक्षण जमत नाही, डोळा लागतो. वर्षाराणी तेव्हा वेलीपाशी एक फूल दुसऱ्यावर टेकवत उगीच रेंगाळते. हौस.

२८ ऑगस्ट.
दुधी धरला! एकच, पण धरला. वर्षाराणीला समजावलं, निसर्ग आपलं आपण करतो, माणसाने फक्त बघायचं. तिने पातेलं जरा जोरात ठेवलं.

५ सप्टेंबर.
मासळीवाली राहीबाई वेलीकडे बघून म्हणाली, "दादा, कोवला हाय, सोडे टाकून भाजी करा. मागाहून नुसती साल राहील." मला सालच हवी आहे, हे तिला कोण सांगणार! दुधीवर पेनाने 'राखीव' लिहिलं. वर्षाराणीने त्याला जुन्या ओढणीची झोळी बांधली.

१० सप्टेंबर.
अर्चनाताई भेटल्या. २६ जानेवारीला कोळगावच्या जिल्हा कार्यालयातले एक साहेब पाहुणे येणार. तारप्याचे जाणकार आहेत म्हणे, शेजारीच बसतील.
घरी येऊन दार लावलं, परंपरा बाजूला ठेवली, फुंकलं. नुसता वारा. पुन्हा फुंकलं. खोकला. खूप थकल्यासारखं झालं.

११ सप्टेंबर, दुपार.
नीट बघता दुधीवर ठिपका दिसला. कीड असणार. वाळेपर्यंत टिकणार नाही. विळा घेऊन स्वतः कापला. बागकाम म्हणजे कठोर निर्णय.
वर्षाराणीला म्हटलं, राहीबाई सोड्यांचं काय म्हणत होती गं?
ती ओढणी सोडत म्हणाली, "रोज संध्याकाळी फुलं उमलली की नराचं फूल मादीच्या फुलाला हाताने लावलं मी, तेव्हा हा धरला. एवढी वर्षं तुमच्या शिफ्टचे डबे बांधले. म्हटलं, एकदा निवांत बसून तुम्ही काही वाजवाल, मी ऐकीन."
असं होतं तर आधी सांगायचं.
ग्रुपवर टाकलं: कीड लागल्यामुळे वादन रद्द. अर्चनाताईंनी रडका चेहरा टाकला.

११ सप्टेंबर, रात्री.
कीड नव्हती. आतून पांढराशुभ्र निघाला. भाजी फार चांगली झाली, दोनदा घेतली. वर्षाराणीने नुसता वरणभात खाल्ला.
नवशाचा तारपा परत करायला हवा. उमरोळी तशी जवळ आहे. पण उद्या नको. परवा बघू.