न उघडलेला डबा

रविवार, संध्याकाळ

…माझ्या प्रज्ञाच्या डब्यातली ज्वारीची भाकरी आत्ता गाईला घातली. आज कळमनुरीच्या लग्नात तो डबा मी पिशवीतून काढलाच नाही. पंगतीत मावससासूबाईंनी विचारलं, "लेकरू पोळी काहून घेऊन न्हाई राहिलं? काही तकलीफ हाय का?" तिला गहू चालत नाही, थायरॉईड आहे, साखरेची इंजेक्शनं आहेत, हे आम्ही नात्यात लपवलंय. समोर स्थळं सुचवणाऱ्या बायका. मी म्हणाले, "न्हाई हो, लाजते ती." सोळा वर्षांच्या माझ्या मुलीनं माझ्याकडं पाहिलं आणि पोळी खाल्ली. मला खोटं पडू दिलं नाही तिनं. मी अडवलं का नाही? डबा मांडीजवळच होता.

सोमवार. रात्रभर प्रज्ञाला उलट्या. सकाळी मावससासूबाईंचा फोन आला. "काय सांगू?" फोनवर हात ठेवून प्रज्ञानं मला विचारलं. "खरं ते सांग," मी म्हणाले. तिनं सगळं सांगितलं. मी डबा घासत राहिले.