बाटलीतला समुद्र

शिरूर अनंतपाळ

दादा,

तुझं पत्र भेटलं. जहाजावरून दर वेळी एकच पुसतोस, गावात पाणी आलं का.

पहिल्या सुट्टीत तू मला बाटलीभर समुद्र आणला होतास. वस्तीतल्या सगळ्यांनी बोट बुडवून चाखला. उरलेला मी भिंतीतल्या देवळीत जपून ठेवला. पुढं तू कप्तानी सोडून ग्रामपंचायतीच्या इलेक्शनला उभा राहिलास, निवडून आलास. लातूर जिल्हा नवा, तू नवा, अन् वरून दुष्काळ.

टँकर आला की तू आपलं घर शेवटी ठेवायचास. "जहाजावर कप्तान शेवटी पितो, पंचू," म्हणायचास. जात बघून गावानं आईला जन्मभर शेवटीच पाणी वाढलं होतं. आता तूही तेच करत होतास. त्या दिवशी आपल्या घागरीपर्यंत येता येता टँकर संपला. आई रिकामी घागर घेऊन आत गेली.

तू जेवायला बसलास, तेव्हा मी ती बाटली तुझ्या पेल्यात ओतली. म्हणलं, "घ्या कप्तान, आता तुमची पाळी."

एक घोट घेऊन तू माझ्याकडं पाहिलंस, अन् सगळा पेला पिऊन टाकलास. पुढच्या इलेक्शनला तू उभाच राहिला न्हाईस, परत जहाजावर गेलास.

देवळी अजून रिकामी हाय, दादा. पुन्हा एक बाटली आण, एवढंच लिहायचं होतं. पण कोणत्या तोंडानं मागू? हे पत्रही ट्रंकेत ठेवते, अन् कार्डावर तेवढं कळवते, नळ आलाय.

तुझी,
पंचशीला