मिक्सरवरील जाळीचा बंद लेअर उघडून पाहण्याबाबत

प्रति,
मा. यंत्रसुरक्षा निरीक्षक,
यंत्रसुरक्षा कार्यालय,
बेलापूर, नवी मुंबई.

विषय : मे. शुभ्रधारा डिटर्जंट्स, पावणे येथील पावडर मिक्सर संरक्षक जाळी बसेपर्यंत बंद ठेवणेबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे दोन अर्ज.
२) "कोणताही भाग गहाळ नाही" असे कळविणारे आपल्या कार्यालयाचे पत्र.

महोदय,

मी, संघप्रिया शिवराम सकपाळ, राहणार दिघा, रबाळे येथील मे. त्रिदल प्रोसेस मशीन्स या कारखान्यात संगणकावर यंत्रांचे आराखडे काढते. आपली प्रत्यक्ष भेट आजवर होऊ शकली नाही, म्हणून घडले ते सुरुवातीपासून मांडते. अर्ज लांबला आहे, तरी कृपया शेवटपर्यंत वाचावा.

१. सदर मिक्सर आमच्याच कारखान्यात तयार झाला. हौदासारखे लांबट भांडे, त्यात फिरणारी पोलादी पाती आणि बाजूला कामगाराला उभे राहण्यासाठी फळी. कामगार वाकून वरून गोणी रिकामी करतो. त्याचा हात पात्यांपर्यंत जाऊ नये म्हणून भांड्यावर लोखंडी जाळी असते, आणि जाळी उचलताच यंत्र थांबवणारा एक स्विच असतो. ही जाळी व हा स्विच मी आराखड्यात काढलेले आहेत. आजही ते तेथे आहेत. फक्त दिसत नाहीत.

२. याचे कारण असे. संगणकावर अख्खे यंत्र जोडून काढताना त्याचे भाग वेगवेगळ्या लेअरवर ठेवतात. भांडे एका लेअरवर, पाती दुसऱ्यावर, जाळी व तिचा स्विच तिसऱ्यावर. लेअर बंद केला की त्यावरचा भाग पडद्यावर दिसत नाही व कागदावर छापला जात नाही. पुसला मात्र जात नाही. दिवाळीपूर्वी गिऱ्हाईक आराखडा पाहण्यास येणार होते. जाळीआड पाती नीट दिसेनात, म्हणून आमचे मालक श्री. दिनानाथ परुळेकर यांनी जाळीचा लेअर तेवढ्यापुरता बंद करावयास सांगितले. मी केला. त्याच दुपारी वडिलांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मला रजेवर जावे लागले. माझ्या मागे त्याच फाइलवरून वर्कशॉपसाठी कागद छापले गेले आणि आपल्या मंजुरीसाठीही तेच पाठविले गेले. मी परतले तोवर काम वर्कशॉपकडे गेले होते व मला दुसरे यंत्र काढावयास दिले होते. वर्कशॉपने कागदावर दिसले ते बनविले. यात कोणाचा हेतू वाईट होता असे माझे म्हणणे नाही.

३. मिक्सर ट्रकवर चढत असताना मी पाहिला, तेव्हा वर जाळी नव्हती. मी तशीच मालकांकडे गेले. ते म्हणाले, तिकडे पोचल्यावर बसवू. पुढच्या खेपेस म्हणाले, गिऱ्हाइकाची तक्रार नाही. त्यानंतर म्हणाले, सरकारी मंजुरी आहे, आता हा विषय माझ्यासमोर काढू नकोस. माझ्या वडिलांना दवाखान्यात त्यांनी स्वतःच्या गाडीतून नेले होते. त्यांच्याविरुद्ध लिहिताना हात जड होतो.

४. म्हणून मी आपल्या कार्यालयाकडे अर्ज केला. त्यावर तपासणी झाली. तपासणीस आलेल्यांनी यंत्र मंजूर आराखड्याशी ताडून पाहिले. आराखड्यात जाळी नाही, यंत्रावरही नाही. सबब यंत्र आराखड्याबरहुकूम आहे, असे कळविण्यात आले. आराखड्यात जाळी आहे, तिचा लेअर बंद आहे, हे दाखविण्यासाठी मी दुसऱ्या अर्जासोबत आराखडा साठवलेली फ्लॉपी जोडली. आवक शाखेतील लिपिकांनी कागदपत्रांसोबत तिलाही भोक पाडून फाइलमध्ये दोरीने ओवले. मी दुसरी फ्लॉपी घेऊन गेले. कार्यालयातील संगणक पगारबिलांचा असून कुलपात आहे व ज्यांच्याकडे किल्ली आहे ते प्रशिक्षणास नागपूरला गेले आहेत, असे समजले. मग मी लेअर उघडून आराखडा कागदावर छापून नेला. तो कोणी हातातही घेतला नाही. जाळी असलेला आराखडा मंजूर नाही, मंजूर करावयाचा तर अर्ज मालकाचा हवा, असे सांगण्यात आले. जी वस्तू नोंदीतच नाही ती हरवली कशी, असा प्रश्न मला विचारण्यात आला. महोदय, मी जिन्यात येऊन रडले.

५. या मिक्सरवर काम करणारे जोतीराम घोरपडे दिघ्यात आमच्याच गल्लीत राहतात. मी त्यांच्या घरी जाऊन सारे सांगितले. ते म्हणाले, वर जाळी असते हे आम्हांला ठाऊकच नव्हते, मशीनच असे असेल म्हणून आम्ही वाकत होतो. परवा त्यांच्या हातातली गोणी पात्यांत गेली. ती कशी गेली हे त्यांना कळलेही नाही. बोटे मिटलेली होती आणि त्यांत गोणी नव्हती. ते फळीवरून उतरले आणि जाळी बसेपर्यंत चढणार नाही असे त्यांनी सुपरवायझरना सांगितले. संध्याकाळी त्यांना काढून टाकले.

त्यांच्या पत्नी शकुबाई आमच्याकडे आल्या. मला त्या बोल लावतील असे वाटले होते. त्यांनी एवढेच विचारले, की अर्जात ह्यांचे नाव लिहिले का. मी नाही म्हणाले. तेव्हा मागे उभे असलेले जोतीराम म्हणाले, "लिव्हा ताई, खुशाल लिव्हा. मी उतरलो. पन उद्या तितं दुसरा हुबा करतील. त्याला कोन सांगनार?"

त्यांच्या सांगण्यावरून नाव लिहिले आहे.

६. आज सकाळी मी पावण्याला गेले. मिक्सर चालू होता, रस्त्यावर आवाज येत होता. वॉचमनने आत सोडले नाही. नवीन माणूस ठेकेदाराकडून कालच आला आहे एवढे त्याने सांगितले. नाव विचारले, तर अजून हजेरीत चढलेले नाही म्हणाला. मी फाटकाबाहेरून ओरडून पाहिले. मिक्सरच्या आवाजात ते आत पोचले नाही.

७. हा अर्ज दिल्यास उद्यापासून कामावर येऊ नये असे मालकांनी मला बजावले आहे. तरी मी तो देत आहे. माझी विनंती एवढीच, की यंत्र आज बंद व्हावे. आराखडा कोणता खरा, मंजुरी कोणाची, चूक माझी की मालकांची, हे नंतर सावकाश ठरवावे. जी शिक्षा होईल ती मी घेईन. पण त्या माणसाला मंजुरी माहीत नाही, लेअर माहीत नाही, जाळी माहीत नाही, आणि तो या क्षणी वाकलेला आहे. हा अर्ज टपालात न टाकता शिपायाच्या हाती देत आहे. उत्तर मिळेपर्यंत मी घरी जाणार नाही.

आपल्या दाराबाहेरील बाकावर बसलेली,

संघप्रिया शिवराम सकपाळ
दि. ११ फेब्रुवारी १९९८

सोबत : जाळीसह आराखड्याची छापील प्रत. फ्लॉपी, एक. (कृपया भोक पाडू नये.)

शेरा :
अर्ज वाचला. अर्जदारास आत बोलावून आराखडा पाहिला. फाइल नंतर मांडावी. शुभ्रधारा येथे फोन करून माझ्या जबाबदारीवर मिक्सर थांबविण्यास सांगितले व फोन न ठेवता, थांबल्याचे कळेपर्यंत वाट पाहिली. लेखी आदेश घेऊन अर्जदारासह पावणेस निघत आहे. यंत्रावरील कामगारास फोनवर बोलावून घेतले. नाव कान्हा भोईर, राहणार सारसोळे. सुखरूप.
(सही) यंत्रसुरक्षा निरीक्षक