गौरेश नसला तर

३ ऑक्टोबर

फेरीबोट परत बंद! धुऊन इस्त्री केलेल्या चादरी पिकअपमध्ये, पिकअप केरीच्या धक्क्यावर, आणि हॉटेल समोर तेरेखोलला – डोळ्यांना दिसतंय. शेवटी गौरेश किरणपाणीच्या पुलावरून, आरोंदा-रेडी करत वळसा घालून गेला. पोचला तेव्हा पाहुणे खोल्यांबाहेर ताटकळत होते.

हॉटेलच्या मॅनेजरचा फोन मलाच. फेरी बंद, वीज बंद, माणूस आजारी – अशा वेळी तुम्ही काय करणार ते महिनाअखेर सांगा, नाहीतर काम म्हापशाच्या लाँड्रीला देतो. हे हॉटेल गेलं तर आमच्या लाँड्रीचं अर्धं काम गेलं.

ह्यांना सांगितलं. हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "गौरेश आहे ना."

५ ऑक्टोबर

विचार करायला बसले. फेरी बंद – गौरेश पुलावरून नेईल. वीज गेली – जनरेटर गौरेश लावतो. विहिरीचा पंप अडला – गौरेश. इस्त्रीवाली राणी बेळगावकडे गावी गेली – तर इस्त्रीलाही गौरेशच! माझा धाकटा दीर आहे की मारुती?

ह्यांना विचारलं, आणि गौरेश नसला तर? केवढे भडकले. माझ्या भावाचं वाईट चिंततेस म्हणे. वाईट कुठे चिंतलं? माणसाला ताप येत नाही? त्याला कुठे जावंसं वाटत नाही?

६ ऑक्टोबर

गौरेशलाच विचारलं. "मी आसंय मा, वैनी," म्हणाला आणि हसत पंपाकडे गेला. डोकं फिरायची वेळ आली.

११ ऑक्टोबर

ठरवलं – प्रत्येकाने गौरेशचं एकेक काम शिकायचं. ह्यांच्या वाट्याला जनरेटर. दोरी ओढली ती अशी की खांदा धरून बसले. दुपारपासून अबोला. जेवले मात्र पोटभर.

राणीने आपल्या जावेला इस्त्रीला आणलंय. दोघी कानडीत माझ्याबद्दलच बोलतात असं वाटतं. बोलू देत.

पिकअप मी शिकणार. लायसन काढलं तेवढंच, हातात गाडी आलीच नाही कधी.

१५ ऑक्टोबर

चढावर गाडी बंद. मागे बस, बसमधले लोक जनेलातून माना काढून बघतायत. मी घामाने निथळतेय आणि गौरेश शेजारी शांत – क्लच हळू सोडा, वैनी, घाई नाही. ह्या माणसाला राग म्हणून येत नाही!

१८ ऑक्टोबर

गौरेशने जनरेटरवर खडूने बाण काढून ठेवलेत. ह्यांना रोज शिकवतो. आणि रोज संध्याकाळी मला विचारतो, अजून काय राहिलं?

हे म्हणतात, तू त्याला धंद्यातून काढतेयस असं गावात बोलतात. गावात कोण? नाव सांगत नाहीत. म्हणजे स्वतःच. पण रात्रभर तेच डोक्यात. तो एवढं विचारतो ते दुखावून तर नाही?

२६ ऑक्टोबर

आज गौरेशला मुद्दाम घरी बसवलं. आणि नेमकी आजच वीज गेली! कपडे मशीनमध्ये अर्धवट. ह्यांनी तीनदा दोरी ओढली, तिसऱ्यांदा जनरेटर लागला – लढाई जिंकल्यासारखं माझ्याकडे बघितलं. राणी आणि जावेने इस्त्री उरकली. मी पिकअप घेऊन पुलावरून तेरेखोलला. एका वळणावर डोळेच मिटले होते, खोटं कशाला लिहू. मोरजीच्या हॉटेलचे अभ्रे चुकून तिथे गेले, त्यावरून मॅनेजर बोलला. पण चादरी वेळेवर!

परत आले तर गौरेश ओट्यावर. सगळं झालं का, त्याने विचारलं. झालं म्हटलं. डोळे भरलेले होते त्याचे. मला जेवण गेलं नाही. कशाला उकरून काढलं मी हे सगळं!

२७ ऑक्टोबर

मॅनेजरचा फोन. कोण काय करणार ते सगळं सांगितलं – काम आमच्याकडेच. हे गावभर सांगत सुटलेत, जसं काही ह्यांच्याच डोक्यातून निघालं.

२९ ऑक्टोबर

गौरेश सकाळी स्वयंपाकघरात आला. मी काही बोलायच्या आत माफीच मागितली – तुला काढायचं माझ्या मनातही नव्हतं.

तो गोंधळला. मग त्याने सांगितलं. परदेशी जाणाऱ्या बोटीवरच्या लाँड्रीतून त्याला तीनदा बोलावणं आलं होतं. तीनदा नाही म्हणाला – तो गेला तर इथलं बंद पडेल म्हणून. दादाला सांगितलंच नाही. आता चौथ्यांदा आलंय.

"आता मी गेलंय तर चलात मा, वैनी?"

सगळं चालतंय, हे त्याला मीच तर दाखवलं.

चालेल, मी म्हणाले. आणि ह्यांना कसं सांगायचं, ते मात्र आम्हा दोघांनाही ठाऊक नाही.