चूल उचलता येत नाई

देवळी, तान्हा पोळा, १९५५

आज पंचांनी काडी मोडली, आमचं लग्न सुटलं. म्हातारे पंच मले म्हणाले, "घर नवऱ्याचं. बाई, तुले जे उचलून नेता येते, ते तुझं."

काऊन असं? भिंती मी लिंपल्या, चूल मी घातली. पाण्याचा गुंड, परात, जातं बांधून ठेवलं. पण चूल कशी उचलू? नवरा दारात बसून होता.

संध्याकाळी सवयीनं चुलीवर पोतेरं फिरवलं, अन् मग हात थांबला. कोणासाठी लिंपून राह्यली मी? माहेरी आई नाई. भावजय दारात तरी उभं करेल का? रडूही येत नाई.

सकाळी मले न्यायले बैलबंडी येईल. त्याच्याआधी चूल फोडते.

फुटल्यावर तर उचलता येते ना!